तांबडीचा डावा एक्सल: प्रकल्प नोंदी

२८ एप्रिल २०२४, रविवार

तांबडी गेला महिनाभर गल्लीच्या तोंडाशी वळताना कट-कट करते. तांबडी म्हणजे आमची २०१० ची लाल हॅचबॅक. नाव मुलीनं ठेवलंय. कधी पांढरी घेतली तर तिचंही नाव तयार आहे. सरळ रस्त्याला आवाज नाही. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे कापून ॲक्सिलेटर दिला की डाव्या पुढच्या चाकातून येतो.

आज मोकळ्या मैदानात स्टिअरिंग कापून दोन गोल फेऱ्या मारल्या आणि मग खाली वाकून बघितलं. एक्सलच्या, म्हणजे गिअरबॉक्समधून चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, बाहेरच्या जॉइंटचं रबरी बूट (वरचं आवरण) घडीवरच फाटलंय, आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसची रांगोळी. म्हणजे निदान झालं. त्या जॉइंटमध्ये सहा गोळ्या असतात, पिंजऱ्यात बसवलेल्या, आणि त्या आपापल्या खाचेतून पुढेमागे सरकतात. चाक वळलं तरी फिरणं एकसारखं राहावं म्हणून ही सगळी खटपट. बूट फाटलं की ग्रीस बाहेर उडतं, धूळ-चिखल आत जातो आणि खाचांना खड्डे पडतात. वळताना गोळी त्या खड्ड्यात उतरते आणि चढते, त्याचा हा आवाज. नुसतं बूट बदलायची वेळ निघून गेली.

पूर्ण एक्सल आणायचा ठरवला. डावा, आखूड. ड्राइव्हशाफ्ट हा शब्द पुस्तकातला, आमच्याकडे सगळे एक्सलच म्हणतात. काम घरीच करणार. खालच्या अंगाचं थोडंफार काम मी लॉकडाऊनमध्ये केलेलं आहे, त्यामुळे हात धजावतो.

कागदावर काम सोपं आहे. चाकाच्या मधोमध एक्सल नट. मग टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा. मग नकलमध्ये, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी तुकड्यात, खालचा बॉल जॉइंट (गोळीचा सांधा) धरून ठेवणारा आडवा बोल्ट. हे तीन सुटले की नकल बाहेर ओढायची, एक्सलचं एक टोक हबमधून आणि दुसरं गिअरबॉक्समधून. दीड तास धरलाय.

१ मे, बुधवार

सुट्टी. नुसतं भिजवायचं काम केलं.

तारेच्या ब्रशनं तिन्ही ठिकाणचा गंज आणि मातीचे पापुद्रे काढले. मातीवर ऑईल मारून उपयोग नाही, माती ते पिऊन टाकते. ब्रश मारताना पिवळसर गाळाचा थर निघाला. ही गाळवट माती ओळखीची आहे. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापुरात आमच्या शाहूपुरीत पुराचं पाणी आलं तेव्हा तांबडी दोन दिवस सीटपर्यंत पाण्यात होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं होतं. इंजिन, सीट, वायरिंग सगळं वाळवून झालं, पण खालच्या बोल्टांच्या भेगांत शिरलेला गाळ कोण वाळवतो?

स्प्रेचा डबा संपला म्हणून घरगुती मिश्रण केलं: निम्मं ॲसिटोन, निम्मं पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते पातळ ऑईल. ॲसिटोनमुळे ते अरुंद फटीत शिरतं, मग ॲसिटोन उडून जातं आणि ऑईल मागे राहतं. ढवळून लगेच मारायचं, बाटलीत ते दोन्ही वेगळे होत राहतात. आणि विडी-काडी लांब. शेजारचे आप्पा विडी ओढत बघायला आले, त्यांना हात जोडून फाटकाबाहेर उभं केलं.

आप्पा म्हणजे कारखान्यांच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. रिटायर झाले, पण खिशात अजून मापाचा व्हर्नियर असतो. बाहेरूनच म्हणाले, "चार दिस मार. सकाळ-संध्याकाळ. द्येवाला फूल घालतोस तसं."

४ मे, शनिवार

संध्याकाळी पतसंस्थेतून आल्यावर एक्सल नटाला हात घातला.

हा नट गाडी जमिनीवर उभी असताना, चाक बसलेलं असताना सैल करायचा. जॅकवर चढवून झटके देणं म्हणजे गाडी अंगावर घेणं. मागच्या चाकाला दोन्हीकडून दगडाची उटी लावली, हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये. नटाची कड एका जागी एक्सलच्या खाचेत ठोकून दाबलेली असते, ती आधी बारीक छिन्नीनं उचलली. ही उचलायची राहिली तर नट सुटताना एक्सलचे आटे खरवडत येतो. माझा एक्सल भंगारातच जाणार होता, पण सवय म्हणून.

घरात होती ती गोटी, म्हणजे नटावर बसणारं सॉकेट, बारा कोनांची. मॅन्युअलमध्ये नट आवळायचा टॉर्क १७५ न्यूटन-मीटर दिलाय. माझं वजन ६८ किलो. अर्ध्या मीटरच्या टॉमीच्या (गोटी फिरवायच्या दांड्याच्या) टोकावर पूर्ण वजन टाकलं तर ३३० च्या वर होतात. म्हणजे दुप्पट जवळजवळ. टॉमीवर उभा राहिलो. काही नाही. टॉमीवर उभा राहून थोडा हललो.

खाट्ट झालं आणि मी रस्त्यावर. नट सुटला म्हणून आनंदानं उठलो, तर टॉमीचं डोकं मोडलेलं. आणि नटाच्या सहाही कोपऱ्यांवर गोटीनं चकाकती खूण केली होती. बारा कोनांची गोटी कोपऱ्याला धरते. सहा कोनांची सपाट बाजूला धरते. हे मला माहीत होतं. माहीत असून हातात होती तीच वापरली.

नडगीला बर्फ.

५ मे, रविवार

सकाळी आप्पांनी त्यांच्या जुन्या कारखान्यातून पाऊण इंची दांडा आणि जाड भिंतीची सहा कोनी गोटी आणून दिली. काळी, बेढब, वजनाला वरवंट्यासारखी. गोटी नटावर हातानं बसेना. आप्पांनी लाकडाचा ठोकळा ठेवून दोन घाव घातले तेव्हा बसली. "आता ही सरकत न्हाई," म्हणाले.

दांड्यावर चार फुटी जीआय पाईप चढवला. हिशेब परत केला: सव्वा मीटरच्या आत-बाहेर, ६८ किलो, म्हणजे ८०० न्यूटन-मीटर. बायको ब्रेकवर पाय देऊन आत बसली. पाईप आडवा, जमिनीला समांतर, आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला एक विटांचा ढीग, पाईप एकदम खाली आला तर माझ्या पायावर न येता विटांवर यावा म्हणून. ही विटांची अक्कल माझी, कालच्या नडगीनं शिकवलेली.

आप्पा म्हणाले, "सोडायच्या आधी आवळ."

"आवळू?"

"जरासा. गंज तुटायचा म्हंजे तुटायचा, त्याला कुठं कळतंय कुनीकडं तुटलो."

आवळायच्या दिशेनं एक दाब दिला. दुसऱ्या दाबाला एक बारीक करकर झाली, जुनं दार उघडताना होते तशी. मग पाईप फिरवून उलट बाजूला घेतला आणि नुसता टेकलो. नट सुटला. तसा काही मोठा आवाज नाही, पाईप फक्त हळूच खाली जात राहिला. इतकं सोपं झाल्यावर कालच्या टॉमीचं जास्त वाईट वाटलं.

यानंतरची एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण बरेच जण चुकतात: एक्सल नट सैल झाल्यावर गाडी त्या चाकावर ढकलायची नाही. हबचं बेअरिंग त्या नटाच्या ताणानंच आवळून धरलेलं असतं. नट सैल असताना गाडीचं वजन त्यावर पडून चाक फिरलं तर बेअरिंग बाद. म्हणून सैल केला तो केला, लगेच जॅक, लगेच खाली घोडी (स्टँड), चाक बाहेर.

टाय रॉड एंड पाच मिनिटांत. नट काढला, पण खालून आट्यांवर ठोकलं नाही. ज्या डोळ्यात त्याची निमुळती दांडी बसते त्या डोळ्याला बाजूनं हातोडा मारला, पलीकडून दुसरा हातोडा टेकवून. चौथ्या घावाला दांडी आपोआप सुटली. डोळा क्षणभर लंबगोल होतो आणि निमुळती पकड सुटते.

मग बॉल जॉइंटचा बोल्ट. पाना लावला, नट मस्त सुटला, गाणं म्हणत. बोल्ट बाहेर काढायला गेलो. फिरत नाही. ठोकला. हलत नाही. बॉल जॉइंटच्या दांडीला एक खाच असते आणि हा बोल्ट त्या खाचेतून आडवा जातो, म्हणून तो नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर यावा लागतो.

अंधार पडला. ऑईल मारून ठेवलंय. दीड तासाचं काम, आठ तास झाले.

७ मे, मंगळवार

मतदानाची सुट्टी. सकाळी रांग लावून मत देऊन आलो, शाई वाळायच्या आत हात गाडीखाली. संध्याकाळी त्या बोटावर शाई कुठली आणि ग्रीस कुठलं हे सांगता येईना.

आज जे केलं ते क्रमानं लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी करणार नाही.

बोल्टाच्या आट्याच्या टोकावर थेट हातोडा मारला. सात-आठ घावांत ते टोक भुईछत्रीसारखं पसरलं. आता ते भोकातून मागं जाऊच शकत नाही. खरं तर नट परत चार आटे चढवून, टोकाशी सपाट आणून, त्यावर मारायला हवं होतं. मग पसरलेलं टोक कानशीनं घासून काढण्यात एक तास. मग डोक्याच्या बाजूनं रिंग पाना लावला, पाईप लावला, आणि डोकं गोल झालं. वाळलेल्या पेढ्यासारखं. वॉटर पंप प्लायर लावला, घसरला, दोन बोटांची सालं गेली.

डोकं तारेच्या ब्रशनं घासून बघितलं, आकडा दिसतो का म्हणून. चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे तुटेपर्यंतची ताकद, शंभर मेगापास्कलच्या हिशेबात. दुसरा म्हणजे त्या ताकदीच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा ताणला जातो. १०.९ म्हणजे १००० ला तुटणार आणि ९०० ला ताणणार. स्टिअरिंग-सस्पेन्शनच्या बोल्टावर हा आकडा असायलाच पाहिजे.

या डोक्यावर काहीच नाही. कोरं.

म्हणजे हा कंपनीचा बोल्टच नव्हे. मध्ये कुठल्यातरी मिस्त्रीनं हार्डवेअरच्या दुकानातला, पत्र्याच्या शेडला लावतात तसला बोल्ट, चाक धरून ठेवायच्या जागी घातलाय. ग्रीसचा थेंब नाही. अशा माणसाला बोल्ट दाताने काढायला लावला पाहिजे. बायकोला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "मी चहा ठेवलोय, तो पी आधी, मग त्याला शिव्या दे." (आमच्याकडे बायका 'ठेवलोय' म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी चूक काढू नये.)

आप्पांनी बोल्ट बघून फक्त मान हलवली. मग म्हणाले, नट काढायच्या आधी बोलावलं असतंस तर वरनं काढला असता. म्हणजे शॉकअपला नकल जोडणारे दोन मोठे बोल्ट सोडायचे, नकल वरून बाहेर कलंडवायची, एक्सल काढायचा. खालच्या बॉल जॉइंटला हात लावायचंच काम नव्हतं. शॉकअपचे बोल्ट जाड असतात, दिसतात समोर, पाना नीट बसतो.

मी म्हटलं, मग आता तसंच करू.

"कर की. पर ह्यो असा गोल डोक्याचा, छाटलेल्या टोकाचा बोल्ट ठेवून गाडी चालवनार हाईस का?"

नाही.

८ मे, बुधवार, रात्री

झोप येईना म्हणून तांबडीची जुनी वही काढली. बोल्टाचा नेमका व्यास आणि लांबी कुठे लिहिली आहे का बघायला. विमा, पीयूसी, टायर, २०१९ च्या पुरानंतरची वायरिंगची यादी. आणि मग माझ्याच अक्षरात:

'१४ जून २०२०. दोन्ही खालचे बॉल जॉइंट बदलले. पुराच्या पाण्यानं घट्ट झाले होते. घरीच. जुने बोल्ट काढताना तुटले, कंपनीचे मिळाले नाहीत, दुकानं बंद. एम१० चे हार्डवेअरमधून. फिट बसले. झकास.'

'झकास'खाली दोन रेघा.

वही परत कपाटात ठेवली. कालची नोंद खोडायचा विचार केला, खोडली नाही.

११ मे, शनिवार

दुसरा शनिवार, सुट्टी. दिवस मोठा होता, नोंदही मोठी.

सकाळी सहाला सुरुवात. आधी शॉकअपच्या दोन बोल्टांच्या डोक्याभोवती आणि नकलच्या कडेला खूण केली, कारण त्या भोकांत जरा सैलपणा असतो आणि परत बसवताना नकल त्याच जागी आली नाही तर चाकाचा वरचा कल बदलतो. खूण बायकोच्या नेलपॉलिशनं. ऑईल लागलं तरी निघत नाही. ब्रेकचा कॅलिपर काढून तारेनं स्प्रिंगला टांगला, नळीवर लोंबकळत सोडला नाही. डिस्क काढली. शॉकअपचे दोन्ही बोल्ट: आवळ, सोड, आवळ, सोड, आणि आले. पाऊण इंची दांड्याचं आता व्यसन लागलंय.

एक्सलचं टोक हबमधून आत सरकवायला नट शेवटच्या आट्यांवर ठेवून त्यावर तांब्याचा ठोकळा धरून मारलं. तीन घाव. लटकलेला एक्सल वायरनं बांधून ठेवला. मग लोअर आर्म (ज्याच्या टोकाला बॉल जॉइंट असतो तो खालचा दांडा) आतल्या बाजूनं सोडला, स्टॅबिलायझरचा नट सोडला आणि नकल, बॉल जॉइंट, लोअर आर्म असं सगळं एकत्र कुटुंब बाहेर काढलं. पोत्यात गुंडाळून स्कूटरच्या फूटबोर्डवर. मागे आप्पा.

उद्यमनगरात आप्पांच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. या भागाची एक गंमत आहे. इथं कुणी विचारत नाही की तुम्ही कुठल्या गाडीचे, कुठल्या गावचे. वस्तू टेबलावर ठेवली की चार माणसं आपापलं काम सोडून तिच्याभोवती गोळा होतात, पेशंटभोवती डॉक्टर जमावेत तशी, आणि मालक मागे उभा. दहा मिनिटं नुसती चर्चा. एकाचं मत: ड्रिल मारा, ५, मग ८, मग साडेनऊ, उरलेली साल छिन्नीनं आत वळवा. दुसऱ्याचं: ड्रिल मधोमध राहिलं नाही तर नकलचं भोक वेडंवाकडं होईल, नकल कुठून आणणार? आप्पा गप्प. शेवटी म्हणाले, "नट वेल्डिंग करा डोक्यावर."

नकल शेगड्यात (वाइसमध्ये) आवळली. बॉल जॉइंट नवा टाकायचाच होता, त्यामुळे त्याचं रबर जळालं तर जळू दे. बेअरिंगच्या बाजूला ओल्या फडक्याची जाड घडी गुंडाळली, उष्णता तिकडे जाऊन ग्रीस वितळू नये म्हणून. गाडीवर असताना मी गॅस लावायचा विचार केला होता, आप्पांनी तेव्हाच झापलं होतं: शेजारी ब्रेकची नळी, रबर, वर अंडरकोटिंग, आणि तू ॲसिटोन मारून ठेवलेलं.

गोल झालेल्या डोक्यावर एक मोठा नट ठेवून त्याच्या भोकातून आत वेल्डिंग भरलं. पहिला नट पाना लावताच तुटून आला. वेल्डरनं डोकं ग्राइंडरनं पांढरं केलं, परत भरलं, या वेळी जास्त वेळ. नट लाल झाला. लाली उतरेपर्यंत कुणी हात लावला नाही.

मग आप्पांनी खिशातून मेणबत्ती काढली. साधी, लाईट गेल्यावर लावतात ती. बोल्ट जिथं नकलच्या कानात शिरतो तिथं गरम लोखंडाला टेकवली. मेण वितळलं आणि मी डोळ्यांनी बघितलं, ते खाली ओघळलं नाही, आत ओढलं गेलं. बारीक धूर आला. परत टेकवली, परत आत. तिसऱ्यांदा पलीकडच्या टोकाला, आट्यांच्या बाजूला, एक तपकिरी थेंब उमटला. चार दिवस मी जे ऑईल मारत होतो ते या टोकापर्यंत कधीच पोचलं नव्हतं.

गरम केल्यानं होतं काय? पोलाद शंभर अंशांनी तापलं की मीटरमागे साधारण १.२ मिलिमीटर वाढतं. १० मिलिमीटरच्या बोल्टाला हा हिशेब लावला तर तीनशे अंशांना हातात येतात मिलिमीटरचे साडेतीन शतांश. केसाची निम्मी जाडी. पण लोखंडाचा गंज झाला की तो मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, दुपटीहून जास्तसुद्धा, आणि जागा नसली की तिथंच दाबून बसतो. तापताना आणि निवताना हा दाबलेला गंज तडकतो, आणि त्या तडेतून मेण जातं. केसाची निम्मी जाडी मेणाला पुरते.

पाना लावला. आप्पांनी मला लावू दिला नाही. अर्धा आणा आवळायच्या बाजूला, अर्धा आणा सोडायच्या. परत. परत. प्रत्येक वेळी तांदळाएवढं जास्त. भोकाच्या तोंडातून लाल भुकटी पडायला लागली, हळदी-कुंकवाच्या करंड्यातून सांडावी तशी. पाव फेरा झाला, अर्धा झाला. मधे एकदा पाना जड झाला, तिथं माझा हात असता तर मी जोर लावला असता आणि बोल्ट मोडला असता. आप्पा उलट फिरले, मेण दिलं, विडी पेटवली, अर्धी ओढली, मग पुढं.

वीस मिनिटांनी बोल्ट बाहेर. गरम होता, पत्र्यावर ठेवला. चौघंही वाकले.

मग कळलं का अडकला होता. कंपनीच्या बोल्टाला मधला भाग गुळगुळीत असतो, आटे फक्त टोकाला. हा डोक्यापासून टोकापर्यंत सगळा आट्यांचा. भोक मात्र गुळगुळीत. म्हणजे आट्याच्या प्रत्येक खाचेत पाणी राहायला जागा, गाळ राहायला जागा, आणि चार पावसाळ्यांत त्या प्रत्येक खाचेत गंजाची एक एक कडी तयार. आणि जिथं तो बॉल जॉइंटच्या खाचेला टेकत होता तिथं आटे एका बाजूनं घासून सपाट झालेले.

ते सपाट झालेले आटे मी बराच वेळ बघत होतो. त्यावर आम्ही गगनबावड्याचा घाट उतरलोय, चार माणसं आणि डिकीत सामान.

आप्पांनी बोल्ट उचलला, व्हर्नियर लावला, उगाचच, आणि विचारलं, "कुनी बसिवला हुता रं ह्यो?"

"होता एक मिस्त्री," मी म्हटलं.

वर्कशॉपवाल्यानं पैसे घेतले नाहीत, सगळ्यांना मिसळ मागवली तीच मजुरी. भोक साफ करायला त्यातून १० चा रीमर हातानं फिरवून दिला. परत येताना वळीव गाठला. घरी पोचेपर्यंत बायकोनं तांबडीच्या उघड्या बाजूवर ताडपत्री टाकली होती.

१२ मे, रविवार

सोपं काम, थोडक्यात.

गिअर ऑईल आधी काढून घेतलं. आतलं टोक गिअरबॉक्समधून पहारीनं उचकटताना पहार सीलला लागू दिली नाही, जॉइंटच्या कडेखाली लाकडाचा तुकडा. टक करून बाहेर. जुना आणि नवा एक्सल शेजारी ठेवून लांबी, दाते आणि सीलची जागा ताडून बघितली. आधी ताडायचं, मग जुना लांब ठेवायचा. नवं सील बसवलं, ओठाला ग्रीस लावलं. नवा एक्सल आत ढकलला, टक आवाज आला, जॉइंटला धरून ओढून बघितलं, येत नाही. फक्त दांडीला धरून ओढायचं नाही, आतला जॉइंट आतल्या आत निखळू शकतो.

नवा बॉल जॉइंट. नवा बोल्ट कंपनीचा, डोक्यावर १०.९, मधला भाग गुळगुळीत. त्या गुळगुळीत भागाला तांब्याच्या ग्रीसचा पातळ हात. आट्यांना नाही, आट्यांना ग्रीस लावलं की टॉर्कचा हिशेब बदलतो. शॉकअपचे बोल्ट नेलपॉलिशच्या रेघेला रेघ जुळवून.

एक्सल नट नवा. जुना परत वापरायचा नसतो. बेताचा आवळला, चाक चढवलं, गाडी जमिनीवर घेतली आणि एक इंचही न हलवता, ब्रेकवर बायको, आप्पांच्या टॉर्क रेंचनं १७५. क्लिक. मग चाक काढून नटाची कड खाचेत ठोकली. गिअर ऑईल लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत.

वेळ: चार तास. त्यात अर्धा तास सर्कलिप (एक्सलचं टोक अडकवणारी बारीक कडी) शोधण्यात, ती माझ्या चपलेखाली होती.

१८ मे, शनिवार

संध्याकाळी व्हील अलाइनमेंट. टो (चाकाचं तोंड आत-बाहेर असणं) थोडा बाहेर होता, कल ठीक. नेलपॉलिश पास.

१९ मे, रविवार

सकाळी शिवाजी पुलावरून, केर्लीहून जोतिबाला. घाटात प्रत्येक वळणाला काच खाली करून ऐकत होतो. मुलगी म्हणाली, बाबा, रेडिओ लावू का? नको म्हटलं. वर पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण कापून दोन फेऱ्या. काही नाही. गुलालात माखलेल्या एका माणसानं थांबून विचारलं, काय हरवलंय का?

परत आल्यावर सील कोरडं, बोल्टांच्या खुणा जागेवर.

संध्याकाळी टॉर्क रेंच आणि ती वरवंट्यासारखी गोटी आप्पांना परत द्यायला गेलो. ते कट्ट्यावर बसले होते. खिशातून बोल्ट काढून माझ्या हातात दिला, वेल्डिंगच्या नटासकट. मला वाटलं होतं तो वर्कशॉपमध्येच राहिला.

"त्या मिस्त्रीकडं परत गाडी देऊ नगंस," म्हणाले.

"नाही देत."

थोडा वेळ दोघंही गप्प. समोरून एक बुलेट गेली.

"उजवीकडचा बी त्यानंच बसिवला असंल की."

"हो."

"मग आजच्याला ऑईल मारून ठेव," आप्पा म्हणाले. "आन् नट काढायच्या आधी मला हाक मार."